विश्लेषण: डेटाबेस स्नॅपशॉट म्हणजे काय? कळवणच्या सातबाऱ्याशी आणि जॉर्ज विंगेट यांच्याशी त्याचा काय संबंध?

कळवण तालुक्यातील कोणत्याही गावाचा सातबारा मोबाइलवर उघडला की आजची स्थिती दिसते. गट नंबर, खातेदारांची नावे, क्षेत्र, आकार, बँकेचा बोजा, पीक. काल फेरफार मंजूर झाला असेल तर आज नाव बदललेले असते. पण बँकेला, न्यायालयाला किंवा वाटणीवरून भांडणाऱ्या भावांना अनेकदा आजची स्थिती नकोच असते. अमुक तारखेला या जमिनीवर कोणाचे नाव होते, किती क्षेत्र होते, एवढेच त्यांना हवे असते.

संगणकाच्या जगात या गरजेसाठी जी सोय आहे तिला डेटाबेस स्नॅपशॉट म्हणतात. डेटाबेसचा एका ठरावीक क्षणी गोठवलेला, फक्त वाचता येणारा फोटो. महाराष्ट्रातल्या जमिनीचा असा फोटो संगणक येण्याच्या शंभरावर वर्षे आधी काढला गेला. तो काढणाऱ्या दोन-तीन माणसांत ठळक नाव आहे जॉर्ज विंगेट यांचे. सर्व्हे नंबर, आकारबंद, गाव नकाशा हे शब्द आज ज्या अर्थाने वापरले जातात, त्यामागे त्यांनी घालून दिलेली पद्धत आहे. ती पद्धत का चालली आणि कुठे फसली हे पाहिले, तर स्नॅपशॉटचे तंत्रही सहज उलगडते.

विंगेट कोण होते?

विंगेट यांचा जन्म १८१२ चा. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे इंजिनिअर्स तुकडीतील लष्करी अधिकारी. १८३५ मध्ये त्यांची नेमणूक पुणे जिल्ह्यातील इंदापूरच्या मोजणीवर झाली, तेव्हा ते जेमतेम २३ वर्षांचे होते. त्यांचे सहकारी हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हे मुलकी अधिकारी. त्यांचाही जन्म १८१२ चाच. मुंबई इलाख्याची पुढची शंभर वर्षांची सारापद्धत या दोन तरुणांनी एका दुष्काळी तालुक्यात बसवली.

ते तिथे का गेले, हे समजायला त्याआधीचा गोंधळ पाहावा लागतो. १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्याआधी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात गावे मक्त्याने दिली जात. जो जास्त बोली लावेल त्याने वसुली करायची. कंपनी सरकारला हे मोडून शास्त्रीय पद्धत आणायची होती. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७ ते १८३० या काळात पुणे जिल्ह्यात मोजणी केली. त्यांनी इंग्लंडमधील अर्थतज्ज्ञ रिकार्डो यांचा खंडाचा सिद्धांत थेट शेतावर आणला. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नातील ५५ टक्के सरकारने घ्यायचे.

कागदावर हे निर्दोष दिसते. प्रत्यक्षात निव्वळ उत्पन्न मोजणार कोण? हाताखालच्या कारकुनांनी आकडे भरले, लाचा घेऊन प्रत वर-खाली केली. भाव पडले तरी सारा तोच राहिला. वसुलीसाठी छळ झाला. शेतकरी जमिनी टाकून निघून गेले, काही निजामाच्या मुलखात गेले. थोडक्यात, आत जाणारी माहितीच खोटी असल्याने गणित बरोबर असूनही उत्तर चुकीचे आले. डेटाबेसवर काम करणाऱ्या कोणालाही ही तक्रार ओळखीची वाटेल.

इंदापुरात नेमके काय केले?

विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला. जे डोळ्यांनी पाहता येते आणि दुसऱ्याला पुन्हा तपासता येते, तेवढेच मोजायचे असे त्यांनी ठरवले.

पहिली गोष्ट क्षेत्र. मोजणी शंकू आणि साखळीने झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग म्हणजे आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आजही प्लॉटच्या जाहिरातीत गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट असे लिहिलेले असते, तो आकडा ३३ गुणिले ३३ एवढाच आहे.

दुसरी गोष्ट ओळख. एका बैलजोडीला साधारण वाहता येईल एवढ्या जमिनीचा एक नंबर पाडला. हद्दीवर दगड रोवले, बांध घातले. शेताची ओळख आता पाटलाच्या आठवणीवर किंवा मालकाच्या नावावर अवलंबून राहिली नाही. मालक मेला, जमीन विकली, वाद झाला, तरी नंबर तोच. डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला एक न बदलणारी किल्ली लागते, जिला प्रायमरी की म्हणतात. सर्व्हे नंबर हे नेमके तेच काम करत होता. नावावरून शोधायला गेले तर एका गावात एकाच नावाचे पाच जण निघतात.

तिसरी गोष्ट प्रत. माती काळी, तांबूस की मुरमाड आणि ती किती खोल, हे जागोजागी खोदून पाहिले. उत्तम जमीन १६ आणे, त्याखाली १४, १२ असे करत शेवटची नववी प्रत २ आण्यांची. चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा असे दोष असतील तर वजावट. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी यातील काही शेते पुन्हा तपासायची अशी शिस्त लावली. म्हणजे पडताळणी हा पद्धतीचाच भाग होता.

सारा किती, हा निर्णय मात्र त्यांनी मोजणीवर सोडला नाही. आधीच्या अनेक वर्षांची वसुली, पाऊसमान, बाजारपेठ किती लांब हे पाहून तालुक्याचा दर अंदाजाने ठरवला, आणि आण्यांच्या प्रमाणात तो शेताशेतात वाटला. इथे माणसाचा अंदाज आहे हे त्यांनी लपवले नाही. प्रिंगल यांच्यापेक्षा ते यशस्वी झाले त्याचे एक कारण हा प्रामाणिकपणा, आणि दुसरे, अधिक साधे कारण म्हणजे त्यांनी सारा बराच कमी केला. अचूक मोजणीचे कौतुक करताना हे दुसरे कारण विसरले जाते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ठरलेला आकार ३० वर्षे बदलायचा नाही. शेतकऱ्याने विहीर खणली, बांध घातले, जमीन सुधारली, तरी त्या मुदतीत सारा वाढणार नाही. नको असलेला नंबर राजीनामा देऊन दर वर्षी सोडता येईल, हवा तो ठेवता येईल. इंदापुरात हे दर १८३६ च्या सुमारास लागू झाले आणि पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली येऊ लागल्या.

पुढे १८४० मध्ये दोघांनी संयुक्त अहवाल दिला. १८४७ मध्ये कॅप्टन डेव्हिडसन यांच्यासह तिघांनी दुसरा संयुक्त अहवाल सादर केला. हा दुसरा अहवाल म्हणजे इलाख्यातील मोजणी खात्याचे नियमपुस्तकच झाला. १८६५ मध्ये या पद्धतीला कायद्याचे रूप मिळाले. ते पाहायला गोल्डस्मिड नव्हते. १८५५ च्या जानेवारीत कैरो येथे त्यांचे निधन झाले होते, वयाच्या ४२ व्या वर्षी.

मग स्नॅपशॉट म्हणजे नेमके काय?

विंगेट यांच्या पद्धतीतून गावाच्या दप्तरात जी कागदपत्रे आली, त्यांवरून हे तंत्र समजते. आकारबंद म्हणजे मोजणीच्या वेळी गोठवलेली यादी: नंबर, क्षेत्र, आकार. फेरफार नोंदवही म्हणजे त्यानंतर झालेल्या प्रत्येक बदलाची क्रमवार वही. ही वही १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर आली. आणि सातबारा म्हणजे या सगळ्याचा आजचा निकाल. संगणकाच्या भाषेत पहिला स्नॅपशॉट, दुसरी ट्रान्झॅक्शन लॉग, तिसरी चालू स्थिती.

आता समजा, एका गावाच्या नोंदी ३०० पानांच्या वहीत आहेत. महसुली वर्ष ३१ जुलैला संपते. त्या संध्याकाळची स्थिती जपून ठेवायची आहे. एक मार्ग असा की सगळी ३०० पाने झेरॉक्स करायची. याला वेळ लागतो, जागा लागते आणि झेरॉक्स चालू असताना कोणी नोंद करू लागले तर घोळ होतो. स्नॅपशॉट वेगळी युक्ती वापरतो. तो घेतला त्या क्षणी काहीच कॉपी होत नाही. फक्त एवढा नियम लागू होतो की यापुढे कोणतेही पान पहिल्यांदा बदलण्याआधी त्याची जुनी प्रत बाजूच्या फाइलमध्ये ठेवायची.

२ ऑगस्टला ४७ व्या पानावर वारसनोंद झाली. आधी जुने ४७ वे पान फाइलमध्ये गेले, मग वहीत नवे लिहिले गेले. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर आणखी बदल झाला तर पुन्हा कॉपी करायची गरज नाही, कारण ३१ जुलैचे पान आधीच जपले आहे. आता कोणी ३१ जुलैची वही मागितली तर ४७ वे पान फाइलमधून दिले जाते आणि उरलेली २९९ पाने चालू वहीतून, कारण ती बदललेलीच नाहीत. वाचणाऱ्याला मात्र अखंड जुनी वही वाचल्यासारखे वाटते. या युक्तीला कॉपी ऑन राइट म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून ही सोय आहे आणि तिथे पान म्हणजे ८ किलोबाइटचा तुकडा. सर्वच डेटाबेसची पद्धत हीच नसते, पण कल्पना हीच. स्नॅपशॉट हा शब्द संशोधनात रुळला तो १९८० च्या सुमारास, अमेरिकेतील सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत मिशेल आदिबा आणि ब्रूस लिंडसे यांनी लिहिलेल्या निबंधामुळे.

गोठवायचे कशासाठी? समजा, एका बापाच्या नावावरची २ एकर जमीन दोन मुलांच्या नावे होत आहे. संगणकात आधी बापाचे क्षेत्र शून्य होते, मग एका मुलाचे १ एकर, मग दुसऱ्याचे. नेमक्या या मधल्या क्षणी कोणी गावाच्या क्षेत्राची बेरीज काढली तर २ एकर गायब दिसतील. बेरीज स्नॅपशॉटवरून काढली तर ती वाटणीच्या आधीची असेल किंवा नंतरची, पण अर्धवट नसेल. सातबाऱ्यांवरील एकूण क्षेत्र आकारबंदाशी जुळले पाहिजे हा महसूल खात्याचा जुना आग्रह याच कारणाचा आहे.

ही मोजणी कळवणकडे कशी आली?

इंदापूरनंतर ही पद्धत दख्खनभर पसरली आणि विंगेट मोजणी आयुक्त झाले. १८५२ मध्ये त्यांनी खानदेशात कोणत्या प्रकारची मोजणी योग्य ठरेल यावर अहवाल दिला. आजच्या कळवणचा भाग तेव्हा बागलाणात होता आणि बागलाण खानदेशात. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये, तेव्हा मालेगाव, नांदगाव आणि बागलाण खानदेशातून काढून त्याला जोडले गेले.

खानदेश इंदापूरसारखा नव्हता. गिरणा, मोसम, पांझरा या नद्यांवर बंधारे होते, पाटाचे पाणी होते, फड पद्धत होती. जिरायत, मोटस्थळ आणि पाटस्थळ यांना एकच माप लावून चालणार नव्हते. लोकांचा विश्वासही नव्हता. १८५२ च्या अखेरीस सावदा, फैजपूर, एरंडोल भागात मोजणीविरुद्ध हजारोंचा जमाव जमला आणि तो मोडायला सरकारला सैन्य आणावे लागले. मोजणी झाली की सारा वाढणार, ही लोकांची भीती होती. सरकार ज्याला न्यायाचे साधन म्हणत होते, त्यात लोकांना वसुलीचे साधन दिसत होते. प्रिंगल यांचा अनुभव ताजा असताना ही शंका अनाठायी होती असे म्हणता येत नाही.

शिवाय या फोटोत काय आले नाही हेही पाहायला हवे. मोजणीचे दप्तर सरकारला सारा कोण भरतो यासाठी होते. म्हणून त्यात खातेदार आला, पण वाटेकरी, कूळ, घरातल्या बायकांचे हक्क बहुतेक आले नाहीत. स्नॅपशॉट डेटाबेसमध्ये जे आहे तेच गोठवतो. जे कधी नोंदलेच नाही, ते त्यातून कोणालाही परत काढता येत नाही.

३० वर्षांनंतर काय झाले?

मुदत संपल्यावर पहिला नंबर पुन्हा इंदापूरचाच लागला. १८६७ मध्ये तिथे फेरआकारणी झाली. ती करणारे अधिकारी वेगळे होते, विंगेट तोवर मायदेशी परतले होते. अडचण वेळेची होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. धान्यही महागले. रेल्वे आली होती. ही तेजी पाहून दर मोठ्या प्रमाणात वाढवले गेले. युद्ध संपताच भाव उतरू लागले, पण नवे दर पुन्हा ३० वर्षांसाठी गोठलेले होते.

स्नॅपशॉट घेण्याचा क्षण चुकला की काय होते, याचे इतके ठसठशीत उदाहरण शोधून सापडणार नाही. तंत्रात दोष नव्हता, मोजणीही बरी होती. फक्त फोटो सणाच्या दिवशी काढला आणि त्यावरून वर्षभराचा खर्च ठरवला.

१२ मे १८७५ रोजी सुपे गावात दंगा उसळला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. सारावाढ हे त्याचे एकमेव कारण नव्हते. दंगेखोरांचा रोख सावकारांवर होता आणि त्यांना हवी होती ती कागदपत्रे. कर्जखते, रोखे, वह्या हिसकावून जाळण्यात आल्या. माणसांवर हल्ले तुलनेने कमी झाले. शेतकऱ्यांनी सावकाराचा डेटाबेसच नष्ट केला, असे आजच्या भाषेत म्हणता येईल.

इथे विंगेट यांच्या कामाचा एक अनपेक्षित परिणाम दिसतो, आणि तो त्यांनी स्वतःच फार आधी ओळखला होता. सारा कमी आणि निश्चित झाला, नंबर पक्का झाला, म्हणून जमिनीला किंमत आली. किंमत आली म्हणून ती तारण ठेवता येऊ लागली. पूर्वी सावकार शेतकऱ्याच्या पिकावर आणि पत्यावर अवलंबून होता. आता त्याच्या हातात दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आणि नेमका नंबर होता. न्यायालयांची ही व्यवस्था सावकाराच्या बाजूने झुकते, शेतकरी त्याच्या तावडीत जातो, असा इशारा विंगेट यांनी १८५२ मध्येच दिला होता. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला तेवीस वर्षांनी त्याची दखल घ्यावी लागली.

सरकारनेही धडा घेतला, अर्थात उशिरा. १८७४ मध्ये फेरआकारणीतील वाढीवर मर्यादा आली: तालुक्याला किंवा गावांच्या गटाला ३३ टक्के, एका गावाला ६६ टक्के, एका खात्याला १०० टक्के. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

विंगेट यांचे शेवटचे काम कोणते?

महाराष्ट्रात विंगेट यांची आठवण मोजणीपुरती राहिली, पण दादाभाई नौरोजींनी त्यांना वेगळ्या कारणासाठी वाचले. १८५९ मध्ये, म्हणजे १८५७ च्या उठावानंतर दोनच वर्षांनी, मेजर विंगेट यांनी लंडनमध्ये भारत-इंग्लंड आर्थिक संबंधांवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. भारतात गोळा केलेला कर भारतात खर्च झाला तर तो तिथल्याच लोकांत फिरतो, पण इंग्लंडला पाठवला तर तो कायमचा जातो, असा त्यांचा मुद्दा होता. उठाव मोडण्याचा सगळा खर्च भारतावरच टाकणे त्यांना अन्यायाचे वाटत होते. नौरोजींनी आणि पुढे रमेशचंद्र दत्त यांनी आपल्या लेखनात त्यांचा आधार घेतला.

गावागावात सारा ठरवत फिरलेल्या माणसाने तो सारा पुढे कुठे जातो याचा हिशेब मांडावा, हे त्या काळात नेहमीचे नव्हते. त्याच वेळी, ज्या यंत्रणेवर ते टीका करत होते तिचा पाया त्यांनीच घातला होता, हेही खरे. १८६६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मुंबई जमीन महसूल संहिता मंजूर झाली आणि त्यांची पद्धत इलाख्याच्या पक्क्या कायद्याचा भाग बनली.

आज स्नॅपशॉट कुठे वापरतात?

बँका महिनाअखेरचे अहवाल स्नॅपशॉटवरून काढतात, म्हणजे अहवाल चालू असताना ग्राहकांचे व्यवहार थांबवावे लागत नाहीत. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकण्याआधी स्नॅपशॉट घेतला जातो, काही बिघडले तर मागे जाता यावे म्हणून. कोणी चुकून हजार नोंदी पुसल्या तर जुनी पाने पाहून त्या परत भरता येतात.

मागे जाण्याला मात्र किंमत असते. संपूर्ण डेटाबेस ३१ जुलैला परत नेला तर ती एक चूक पुसली जाते, पण त्यानंतरच्या सगळ्या बरोबर नोंदीही पुसल्या जातात. म्हणून जमिनीच्या दप्तरात कोणी मागे जात नाही. चुकीचा फेरफार रद्द झाला तरी तो वहीतून खोडला जात नाही, रद्द केल्याची नवी नोंद होते. क्षेत्र किंवा आकार बदलला तर कमी-जास्त पत्रक होते आणि मूळ आकारबंद जागेवर राहतो. गटवारी झाली तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, पण कोणता सर्व्हे कोणत्या गटात गेला याचा मेळ ठेवावा लागला.

आणखी एक गैरसमज नेहमी होतो. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. वरच्या उदाहरणात फाइलमध्ये फक्त ४७ वे पान होते. वही जळाली तर एका पानावरून गाव उभे राहणार नाही. बॅकअप म्हणजे सगळ्या पानांची वेगळ्या जागी ठेवलेली प्रत. स्नॅपशॉट जुना होत जातो तशी फाइल फुगते आणि मुख्य डेटाबेसचा वेगही कमी होतो, त्यामुळे काम झाले की तो काढून टाकायचा असतो.

तुमच्याकडे वाद असेल तर हा फरक कामाचा आहे. मालकी कधी आणि कशाने बदलली हा प्रश्न असेल तर सातबारा पुरत नाही, त्यावरील फेरफार क्रमांक घेऊन तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन त्या फेरफारांच्या नकला काढाव्या लागतात. बांधाचा वाद असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा, टिपण किंवा फाळणी नकाशाची नक्कल मागावी लागते.

तारीख कोण ठरवतो?

सरकारी योजनांत स्नॅपशॉटचे सामाजिक रूप दिसते. पीएम किसान योजनेत १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमिनीच्या अभिलेखात नाव असणे ही अट आहे. त्यानंतर जमीन घेतली तर, वारसाहक्काचा अपवाद वगळता, लाभ नाही. राज्याच्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले पीक कर्ज पाहिले गेले. कांद्याचे पैसे हातात येताच सप्टेंबरच्या आधीच हप्ता भरणारा शेतकरी त्या फोटोत थकबाकीदार म्हणून आलाच नाही. या दोन तारखांचे फोटो निदान काढता येण्यासारखे होते, कारण बँकेकडे आणि महसूल खात्याकडे नोंदी होत्या.

कळवणच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांत प्रश्न याहून अवघड आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि त्यात तारीख ठरली १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी वनजमीन कसत असलेल्या आदिवासी कुटुंबाला ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. पण ती जमीन वन विभागाच्या दप्तरात वन म्हणून आहे. तिथे कसणाऱ्याच्या नावाचा सातबारा नव्हता, आकार नव्हता, पीक पाहणी नव्हती. ज्या दिवसाचा फोटो कायदा मागतो, त्या दिवशी तिथे कॅमेराच नव्हता.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या किसान लाँग मार्चमध्ये कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागांतील हजारो आदिवासी शेतकरी ६ ते १२ मार्च चालत गेले. वनहक्काचे दावे निकाली काढा, ही त्यांची मुख्य मागणी होती. कळवणचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित मोर्चाच्या नेतृत्वात होते.

अशा दाव्यात १३ डिसेंबर २००५ ची स्थिती मागाहून जुळवावी लागते. नियमांनुसार त्यासाठी उपग्रह छायाचित्रे, वन गुन्ह्यांच्या किंवा दंडाच्या जुन्या पावत्या, मतदार यादी, शेतातील विहीर, बांध, घराचे अवशेष, दफनभूमी आणि गावातील वृद्धांचे जबाब ग्राह्य धरले जातात. किमान दोन पुरावे लागतात. आधी ग्रामसभेची वन हक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, मग दावा उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. दावा फेटाळला तर कारण लेखी मागता येते आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील करता येते.